पॅकेट ध्वनिवहन

बोललेला आवाज अंकीय रूपात आणून, त्याचे छोटे तुकडे पाडून संगणक जाळ्यातून पाठवण्याची आणि पलीकडे ते वेळेत जुळवून ऐकवण्याची पद्धत. व्हॉट्सॲपवरचा कॉल, कार्यालयातला आयपी फोन, ऑनलाइन बैठक ही तिची रोजच्या वापरातील रूपे.

उगम : संदेशाचे तुकडे करून ते वेगवेगळ्या वाटांनी पाठवण्याची कल्पना मूळ कोणाची, याबद्दल एकमत नाही. अमेरिकेतील रँड संस्थेत पॉल बॅरन यांनी साधारण १९६० पासून यावर काम केले आणि १९६४ मध्ये त्यांची टिपणे प्रसिद्ध झाली. अणुहल्ल्यानंतरही टिकून राहील असे लष्करी संदेशवहन त्यांना हवे होते, आणि त्यात दूरध्वनीवरील बोलणेही धरलेले होते. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस १९६५ मध्ये स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपाशी आले. अशा तुकड्याला ‘पॅकेट’ हा शब्द त्यांचाच. दोघांनीही तुकड्याचा आकार १,०२४ बिट धरला होता, हा योगायोग मोठा लक्षणीय आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या १९६१–६२ च्या संशोधनालाही अग्रक्रम दिला जातो. ते वाट पाहणाऱ्या संदेशांच्या रांगांच्या गणिताविषयीचे असून जाळ्यातील विलंब मोजण्यासाठी मोलाचे ठरले. पण संदेशाचे तुकडे करण्याची रचना त्यात स्पष्टपणे मांडलेली दिसत नाही. डेव्हिस यांच्या निधनानंतर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात हाच आक्षेप आहे आणि तो ग्राह्य वाटतो. इंटरनेटचे पूर्वरूप असलेले ‘आर्पानेट अणुयुद्धासाठी बांधले’ हा प्रचलित समजही बॅरन यांचा हेतू आर्पानेटला चिकटवल्यामुळे झालेला दिसतो. १९६९ मध्ये सुरू झालेल्या त्या जाळ्याचा उद्देश दूरदूरचे संगणक सामायिकपणे वापरता यावेत हा होता.

बॅरन यांच्या टिपणांपैकी नववे केवळ सुरक्षिततेवर आहे. शत्रू जाळ्यात शिरणारच असे गृहीत धरून त्यांनी दोन केंद्रांमधील प्रत्येक दुव्यावर एक आणि बोलणाऱ्यापासून ऐकणाऱ्यापर्यंत दुसरे, असे दुहेरी कूटलेखन (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असे रूपांतर) सुचवले होते. पुढच्या बांधणीत हा भाग मागे पडला, आणि त्याची किंमत इंटरनेट अजून मोजत आहे.

वेळेचा प्रश्न : १९७४ मध्ये डॅनी कोहेन व सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील आयएसआय ही संशोधन संस्था आणि मॅसॅच्युसेट्समधील लिंकन प्रयोगशाळा यांच्यात आर्पानेटवरून प्रत्यक्ष संभाषण घडवले. हरवलेला तुकडा पुन्हा मागवण्याची शिस्त पत्राला, फाइलला हवीच. बोलण्यात मात्र उशिरा आलेला शब्द आणि न आलेला शब्द सारखेच, हे त्यातून ठसले. १९७८ मध्ये टीसीपीपासून (हरवलेला तुकडा पुन्हा मागवणाऱ्या नियमसंचापासून) आयपी (पॅकेट पत्त्यावर पोचवण्याचा नियमसंच) वेगळा काढण्यामागे या अनुभवाचा मोठा वाटा होता. पुन्हा न मागवणारा यूडीपी हा नियमसंच १९८० मध्ये ठरला.

साध्या दूरध्वनी दर्जाच्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, प्रत्येकी ८ बिटांचे. २० मिलिसेकंदांच्या बोलण्याचे १६० बाइट होतात. त्यावर शीर्षभाग म्हणून आरटीपीचे (क्रमांक व वेळ सांगणाऱ्या नियमसंचाचे) १२, यूडीपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट चढतात. अशी ५० पॅकेटे दर सेकंदाला निघतात, पण पोचतात मात्र मागेपुढे. म्हणून पलीकडचे यंत्र ती क्षणभर थोपवून क्रमाने लावते. ज्याची पाळी टळली ते पॅकेट टाकून देते आणि आधीच्या आवाजावरून खिंडार बुजवते. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यापुढे दोघे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात.

गुप्तता : आरटीपीचे मानक १९९६ चे, त्याचे सुरक्षित रूप एसआरटीपी २००४ चे. त्यात प्रत्येक पॅकेटची कूटकिल्ली-धारा (आवाज झाकण्यासाठी त्यात मिसळायची बिटांची मालिका) त्याच्या क्रमांकावरून काढतात, त्यामुळे मधले एखादे हरवले तरी पुढचे उलगडायला अडत नाही. ही योजना फार सुंदर आहे. आशय झाकला जातो, शीर्षभाग उघडा राहतो. लांबीही लपत नाही : जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले, की आवाजानुसार लहानमोठी पॅकेटे करणाऱ्या पद्धतीत केवळ त्यांच्या लांबीवरून संभाषणाची भाषा ओळखण्यापर्यंत मजल जाते. एसआरटीपीसाठीच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत अशा पद्धती गोपनीय बोलण्यासाठी जपून वापरण्याची सूचना आहे.

भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली.