संगणकीय बीजगणितातील दोषशोधन

अक्षरचिन्हे, अपूर्णांक आणि वर्गमुळे यांवर अचूक क्रिया करणाऱ्या आज्ञावलीने चुकीचे, अर्धवट किंवा अनपेक्षित उत्तर दिले, अथवा तिने काढलेला आलेख रिकामा, तुटका वा विद्रूप आला, तर त्याचे कारण शोधून ते दूर करण्याची पद्धत. अशा आज्ञावल्यांना संगणकीय बीजगणित प्रणाली म्हणतात. मॅक्सिमा, सिमपाय, सेज व रिड्यूस या मुक्त आहेत. मेपल व मॅथेमॅटिका विकत घ्याव्या लागतात. येथील विवेचन मुख्यतः मॅक्सिमा व सिमपाय यांना धरून आहे. आज्ञांची नावे देवनागरीत दिली असली तरी प्रत्यक्षात ती रोमन लिपीत टंकावी लागतात. बहुतेक आज्ञा लहान अक्षरांत असतात.

पहिली प्रणाली कोणती, याचे उत्तर ‘प्रणाली’ कशाला म्हणावे यावर ठरते. यंत्राकडून विकलन करून घेण्यावरचे दोन प्रबंध १९५३ मध्ये अमेरिकेत सादर झाले. संकलनाची उदाहरणे सोडवणारी जेम्स स्लॅगल यांची ‘सेंट’ ही आज्ञावली १९६१ ची. भौतिकीतील लांबलचक राशींसाठी मार्टिनस व्हेल्टमन यांनी ‘स्कूनस्किप’ १९६३ च्या सुमारास रचली. सर्वसाधारण उपयोगाच्या सुरुवातीच्या प्रणालींपैकी एक म्हणजे मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत १९६८ मध्ये सुरू झालेली, आजच्या मॅक्सिमाची पूर्वज ‘मॅकसिमा’. तिची एक शाखा विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून २००१ मधील आपल्या मृत्यूपर्यंत सांभाळली. ती मुक्त परवान्याखाली देण्याची अनुमती १९९८ मध्ये मिळाली, आणि तीच आजची मॅक्सिमा.

खानदेश व बीजगणित : चाळीसगाव तालुक्यातील (जि. जळगाव) पाटण येथील शिलालेखामुळे बीजगणिताच्या इतिहासात खानदेशाला स्थान आहे. भास्कराचार्यांचा (दुसरे, जन्म शके १०३६, इ. स. १११४) नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या सिद्धांतशिरोमणीचे व इतर ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने पाटणला मठ स्थापन केला व निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले, असे लेख सांगतो. महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर, चांगदेव ही परंपरा त्यात येते. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. दानाचा शक ११२८, म्हणजे सुमारे इ. स. १२०६-०७. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. तापी-पूर्णा संगमावरील चांगदेव या गावाशी व त्या नावाच्या योग्याशी या ज्योतिष्याची गल्लत होते. ते दोघे भिन्न होत.

भास्कराचार्यांचे जन्मस्थान मात्र वादग्रस्त आहे. त्यांनी स्वतः सह्याद्रीच्या आश्रयाच्या विज्जडविड नगराचा उल्लेख केला आहे. ते पाटणच्या परिसरात असावे, असे खानदेशाच्या अभ्यासकांचे मत; काहींनी ते विजापूर, तर काहींनी बीड मानले. नावातील ध्वनिसाम्यावर विजापूर व बीड हे दोन्ही पक्ष उभे आहेत, आणि विजापूर सह्याद्रीपासून बरेच दूर आहे. पाटण सह्याद्रीच्याच सातमाळा-अजिंठा रांगेच्या पायथ्याशी असल्याने तो पक्ष अधिक संभवनीय वाटतो. तरीही शिलालेख मठापुरता पुरावा आहे, जन्माबद्दल तो काही सांगत नाही.

भास्कराचार्यांच्या बीजगणितातील तीन प्रश्न दोषशोधनाला फार उपयोगी पडतात. उत्तरे आधीच ठाऊक असल्यामुळे प्रणाली नेमकी कोठे घसरते, हे त्यांवरून लगेच दिसते.

संख्येचा प्रकार : क्ष² − ६१य² = १ याचे सर्वांत लहान धन पूर्णांकी उत्तर चक्रवाल या पायरीपायरीने उत्तर गाठणाऱ्या जुन्या भारतीय पद्धतीने क्ष = १७६६३१९०४९, य = २२६१५३९८० असे येते. (याच ६१ चा प्रश्न फेर्माने १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे ठेवला होता.) हे आकडे पूर्णांक म्हणून घातले तर दोन्ही प्रणालींत वजाबाकी बरोबर १ येते. त्यांपुढे दशांश चिन्ह व शून्य लावले की उत्तर ० होते. क्ष² ही १९ अंकी संख्या आहे. दुहेरी अचूकतेच्या दशांश संख्येत सुमारे १६ अंकच मावतात आणि या आकाराला लगतच्या दोन संख्यांमध्ये ५१२ चे अंतर असते. त्यामुळे १ हे उत्तर येणे शक्यच नसते. एखादे उत्तर ‘जवळपास बरोबर’ किंवा अकारण शून्य आले, तर आधी राशीत कोठे दशांश चिन्ह शिरले आहे का ते पाहावे.

सिमपायमध्ये हे चिन्ह न दिसता शिरते. सिमपाय पायथॉन या संगणकभाषेत चालते, आणि पायथॉन १/२ चे ०.५ करून मगच ते सिमपायकडे सोपवते. क्ष**(१/३) लिहिले की (** हे घाताचे चिन्ह) घातांक ०.३३३… होतो आणि पुढचे सुलभीकरण बिघडते. रॅशनल(१, ३) लिहावे, किंवा एस(१)/३. मॅक्सिमात १/३ अचूकच राहते. दशांश रूप हवे तेव्हा फ्लोट, जास्त अंक हवे असल्यास बीफ्लोट वापरून एफपीप्रेकचे मूल्य (मुळात १६) वाढवावे.

उत्तरांची निवड : वानरांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढे वानर गुहेत गेले. एक फांदीवर दिसतो. तर एकूण किती? (न/५ − ३)² + १ = न या समीकरणाला सॉल्व्ह ही समीकरणे सोडवणारी आज्ञा दोन्ही उत्तरे देते : ५ व ५०. भास्कराचार्यांनी ५ नाकारले, कारण पाचाचा पंचमांश एक आणि त्यातून तीन वजा होत नाहीत. ‘न धन आहे’ असे गृहीतक प्रणालीला दिले तर ५ गळेल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चूक आहे. ५ हेही धनच. अट न वर नसून न/५ − ३ वर घालावी लागते, आणि मिळालेली उत्तरे त्या राशीत भरून निवडणे हाच सरळ मार्ग. अशा वेळी दोष समीकरण मांडण्यात असतो.

याच्या उलट, उत्तरे हरवण्याचेही प्रकार आहेत. साइन क्ष = १/२ यासाठी मॅक्सिमा पाय/६ एवढेच देते व काही उत्तरे गळतील अशी सूचना छापते. ती सूचना वाचली जात नाही. क्ष⁵ − क्ष − १ = ० हे वर्गमूळ, घनमूळ अशा मुळांच्या रूपात सुटतच नाही; मॅक्सिमा समीकरण जसेच्या तसे परत देते. त्यासाठी ऑलरूट्स (सिमपायमध्ये एनरूट्स) वापरले की वास्तव मूळ १.१६७३ मिळते. एकच मूळ हवे तर फाइंड_रूट; मात्र दिलेल्या दोन टोकांना फलाची चिन्हे विरुद्ध असली पाहिजेत.

शून्य व ऋण : शून्य छेदाच्या राशीला भास्कराचार्य खहर म्हणतात, आणि ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती वर्गच नव्हे, असे स्पष्ट सांगतात. येथे प्रत्येक प्रणालीचा संकेत वेगळा. १/० ला मॅक्सिमा चूक दाखवून थांबते, साधे पायथॉनही थांबते. सिमपायची अचूक संख्या असेल तर ती न थांबता ‘झू’ हे सदसत् (वास्तव व काल्पनिक भाग असलेल्या संख्यांतील) अनंताचे चिन्ह देते व ते पुढच्या गणितात मुकाट्याने पसरते. √(क्ष²) चे मॅक्सिमा |क्ष| करते. सिमपाय ते तसेच ठेवते आणि क्ष धन असल्याचे सांगितले तरच क्ष करते. गृहीतक घातलेला क्ष आणि न घातलेला क्ष ही सिमपायच्या लेखी दोन निरनिराळी चिन्हे असतात. नावे सारखीच छापली जात असल्याने ‘क्ष − क्ष’ शून्य होत नाही, हे पाहून गोंधळ उडतो.

दोन राशी समान आहेत का, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. सिमपायमध्ये == हे चिन्ह केवळ रचना तपासते. म्हणून (क्ष+१)**२ व क्ष**२+२*क्ष+१ यांना ते असमान म्हणते. वजाबाकी सिम्प्लिफायमध्ये घालून शून्य येते का ते पाहावे. तेही हमखास नाही : पुरेशा व्यापक राशींसाठी शून्यत्व ठरवणारी सार्वत्रिक रीत असूच शकत नाही, हे रिचर्डसन यांनी १९६८ मध्ये सिद्ध केले. शंका राहिल्यास दोन-तीन अपरिचित मूल्ये भरून पाहणे बहुधा पुरते.

लेखनातील चुका : मॅक्सिमात विधानाच्या शेवटी अर्धविराम किंवा डॉलरचे चिन्ह लागते (डॉलर लावल्यास उत्तर छापले जात नाही). डब्ल्यूएक्समॅक्सिमात (मॅक्सिमा खिडकीतून वापरण्याच्या आज्ञावलीत) विधान चालवण्यासाठी शिफ्ट-एंटर दाबावे. नुसत्या एंटरने पुढची ओळ येते. मूल्य देण्यासाठी अपूर्णविराम ( : ), समीकरणासाठी =, फलासाठी := अशी विभागणी आहे. अ=५ लिहिल्याने अ ला काहीच मिळत नाही. पाय, ई व काल्पनिक एकक यांच्या आधी टक्केचिन्ह हवे. लॉग म्हणजे दोन्ही प्रणालींत नैसर्गिक लॉगरिथम, त्यामुळे शंभराचा लॉग २ ऐवजी ४.६०५ येतो, शाळेच्या सवयीने येथे हटकून फसगत होते. पायथॉनमध्ये घातासाठी दुहेरी तारा (**) वापरतात. ^ चा अर्थ तेथे निराळा असून ३^२ चे उत्तर १ येते. सिमपाय आणून मग मॅथ हे ग्रंथालय तारा लावून आणले, तर नंतरचे साइन पहिल्यावर बसते व चिन्हावर चालवताच चूक येते.

पीडीएफ किंवा व्हॉट्सॲपवरून उचललेल्या ओळीत गोल अवतरणचिन्हे व लांब वजाचिन्ह येतात. ती पुन्हा हाताने टंकावीत. मराठी कळफलक चालू राहिला तर अंक देवनागरी पडतात. पायथॉन ३ चलाचे नाव देवनागरीत चालवून घेते, पण विधानात १२ असा देवनागरी अंक आला की अडते. गंमत म्हणजे अवतरणात ठेवून इंट या आज्ञेला दिला तर तोच अंक ते वाचते.

जुनी मूल्ये शिल्लक राहणे हे सर्वांत सामान्य कारण असावे. सकाळच्या तुकडीने क्ष ला ३ हे मूल्य देऊन सत्र तसेच सोडले, तर दुपारी क्ष² चे विकलन करू पाहणाऱ्याला चूकच मिळते. मॅक्सिमात किल(ऑल), जुपिटरमध्ये (पायथॉनच्या ओळी चालवण्याच्या वहीत) कर्नल, म्हणजे मागे चालणारे गणनयंत्र, पुन्हा सुरू करून वरून खाली सर्व ओळी चालवणे. इतर कोणताही उपाय करण्याआधी हे करावे.

निश्चित संकलनाचा एक सापळा येथे नोंदण्यासारखा आहे. १/(२ + कोसाइन क्ष) याचे ० ते २पाय संकलन करताना प्रतिविकलजात टॅन(क्ष/२) येतो. दोन्ही टोकांना त्याची किंमत शून्य. आंधळेपणाने वजाबाकी केली तर उत्तर ०. परंतु मूळ फल सर्वत्र १/३ ते १ यांदरम्यान आहे, तेव्हा शून्य अशक्य. मधे पायपाशी प्रतिविकलज तुटतो. खरे उत्तर २पाय/√३, म्हणजे ३.६२७६.

आलेख : मॅक्सिमा आलेखाचे काम ग्नूप्लॉट या वेगळ्या आज्ञावलीकडे सोपवते. खिडकी उघडलीच नाही तर ग्नूप्लॉट बसवलेले आहे का ते पाहावे. विंडोजवर वापरकर्त्याचे नाव देवनागरीत असल्यास तात्पुरत्या धारिकेचा मार्गही अडथळा ठरू शकतो, तो मॅक्सिमा_टेम्पडीर बदलून साध्या रोमन नावाच्या फोल्डरकडे वळवावा. ‘सर्वत्र असंख्यात्मक मूल्य’ असा संदेश आला की राशीत एखादे अक्षर मूल्याविना राहिले आहे, बहुधा टक्केचिन्ह सुटलेला पाय.

√((क्ष²−१)/६१) चा आलेख −१ ते १ मध्ये कोरा राहतो. तो दोष नव्हे, तेथे वास्तव मूल्यच नाही. घनमुळाचा डावा अर्धा भाग नाहीसा होतो तो मात्र संकेताचा परिणाम आहे : सिमपाय व मॅथेमॅटिका ऋण संख्येचे मुख्य, म्हणजे सदसत्, घनमूळ घेतात. सिमपायमध्ये रिअल_रूट वापरावे. टॅनच्या आलेखातील उभ्या रेषा या वक्राचा भाग नसतात, लगतचे दोन बिंदू जोडल्याने त्या उमटतात. मेपलमध्ये डिसकॉन्ट हा पर्याय असतो, पायथॉनमध्ये मोठी मूल्ये ‘नॅन’ (‘संख्या नव्हे’) करून टाकावीत. वेगाने हेलकावणारे फल सौम्य दिसत असेल तर नमुनाबिंदू कमी आहेत. मॅक्सिमात एनटिक्स मुळात २९ असते, ते काही शेकड्यांवर न्यावे. वर्तुळ लंबगोल दिसल्यास सेम_एक्सवाय हा पर्याय द्यावा.

(१ − कोसाइन क्ष)/क्ष² हे शून्यापाशी ०.५ कडे जाते, पण क्ष दहाच्या −८ व्या घाताएवढा झाला की आलेख शून्यावर आपटतो. अंशातील वजाबाकीत सर्व अंक नाहीसे होतात. राशी २साइन²(क्ष/२)/क्ष² अशी मांडली की वक्र ठीक येतो.

मोजलेल्या आकड्यांतून वक्र काढताना निराळी चूक होते. जळगावच्या बारा महिन्यांच्या पावसातून अकराव्या घाताची बहुपदी नेली तर ती प्रत्येक बिंदूतून जाते खरी, पण पाऊस मुख्यत्वे जून ते सप्टेंबरमध्ये एकवटलेला असल्याने कोरड्या महिन्यांच्या मधे ती ऋण पाऊस दाखवते. येथे स्तंभालेखच योग्य.

सिमपायची राशी लॅम्डिफायने फलात बदलून आलेखाला देतात. राशी स्थिर असेल (उदा. ५) तर यादीऐवजी एकच संख्या परत येते व ‘लांबी जुळत नाही’ अशी चूक निघते. स्थिरांकात शून्य गुणिले क्ष मिळवून भागत नाही, सिमपाय ते लगेच पुसून टाकते. मूल्य बिंदूंइतक्या वेळा हाताने भरावे.

अक्षांवरील मराठी मजकुराच्या जागी चौकोन आल्यास देवनागरी असलेला टंक, उदा. लोहित किंवा नोटो, निवडावा. टंक बदलूनही मॅटप्लॉटलिब या पायथॉनच्या आलेख-ग्रंथालयात जोडाक्षरे फुटली किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडली, तर ग्नूप्लॉटचा पीएनजीकैरो हा निर्गम वापरावा. तो अक्षरजुळणी पँगो या ग्रंथालयाकडून करून घेतो.