गासडीतून आलेला रोग

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या ब्रॅडफर्डमध्ये मरायला कारणांची वानवा नव्हती. इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातलं हे गाव १८०१ साली साधारण १३ हजार वस्तीचं होतं, १८५१ पर्यंत ते एक लाखाच्या वर गेलं. लोकरीच्या गिरण्यांनी माणसं खेचून आणली, पण त्यांच्या सांडपाण्याची सोय कुणी केली नाही. घरांची घाण आणि गिरण्यांचं पाणी ओढ्यात, ओढ्याचं पाणी कालव्यात. त्या कालव्याला इतकी दुर्गंधी सुटली की कोर्टाने मनाई केल्यावर १८६७ मध्ये तो बंद करावा लागला. मधल्या काळात, १८४९ मध्ये, कॉलऱ्याने शेकडो माणसं नेली होती.

या सगळ्या आजारांचा एक हिशोब ठरलेला होता. जितकी गरिबी आणि जितकी दाटी, तितके मृत्यू. लोकर निवडणाऱ्यांचा रोग मात्र या हिशोबात बसत नव्हता.

लोकर निवडणारे कुशल कामगार होते. त्यांना इतरांपेक्षा बरी मजुरी मिळे आणि ते बऱ्या घरांत राहत. जाळीच्या टेबलावर गासडी फोडायची, गुंता हाताने सोडवायचा आणि बोटांच्या अंदाजाने जाड-बारीक, लांब-आखूड लोकर वेगळी करायची, असं हे काम. धूळ, केस आणि वाळलेल्या कातडीचे तुकडे जाळीतून खाली पडत, बाकीचं थेट नाकात. अशा माणसाला एखाद्या दिवशी थकवा यायचा, छाती जड व्हायची. ताप फारसा नसे, म्हणून घरचे म्हणत, सर्दी असेल. दोन-चार दिवसांत माणूस गेलेला असे. दाखल्यावर न्यूमोनिया किंवा रक्तदोष असं काहीतरी लिहिलं जाई.

कामगारांना मात्र सूत्र सापडलं होतं. इंग्लंडच्या मेंढ्यांची लोकर निवडणारे असे मरत नव्हते. मरत होते ते परदेशी माल हाताळणारे. १८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेरूचा अल्पाका (उंटाच्या कुळातल्या एका प्राण्याची लोकर) आणि तुर्कस्तानचा मोहेर (अंगोरा बकरीचे केस) गावात येऊ लागला, त्यानंतर हा रोग दिसू लागला होता. त्यातही पूर्व तुर्कस्तानातल्या वान भागाच्या मोहेरची धास्ती सगळ्यांत जास्त. अल्पाकावर गडगंज झालेल्या टायटस सॉल्टने १८५३ मध्ये गावाबाहेर सॉल्टेअरला नवी गिरणी सुरू केली आणि तिच्याभोवती कामगारांसाठी नमुनेदार वसाहत उभारली. कॉलऱ्याविरुद्ध तो उत्तम उपाय होता. पण गासडीतून येणाऱ्या रोगाला गटारं बांधून कसं अडवणार?

रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने १८७६ मध्ये काळपुळीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या, जंतूचं सगळं जीवनचक्र उलगडून दाखवलं. परिस्थिती प्रतिकूल झाली की हा जंतू बीजाणू बनतो, म्हणजे टणक कवचात झोपून राहतो. त्या कवचात तो कोरडेपणा, ऊन, थंडी सोसत वर्षानुवर्षं टिकतो. रोगाने मेलेल्या बकरीचे केस कातरून गासडीत भरले की रक्ताच्या वाळलेल्या डागासोबत बीजाणूही जहाजात चढणार, हे ओघाने आलंच. १८७९-८० च्या सुमारास जॉन हेन्री बेल या ब्रॅडफर्डच्या डॉक्टरांनी मृत कामगारांच्या रक्तात हाच जंतू पाहिला. ते रक्त प्राण्यांना टोचल्यावर प्राणीही मेले.

मग छाती तपासून डॉक्टरांना काही कळत का नव्हतं? बीजाणू इतके बारीक असतात की ते फुप्फुसातल्या शेवटच्या वायुकोशापर्यंत पोचतात. तिथे भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण मारू शकत नाहीत. उलट त्याच त्यांना छातीच्या मध्यभागातल्या लसीकाग्रंथींपर्यंत (रोगाशी लढणाऱ्या गाठींपर्यंत) वाहून नेतात. बीजाणू तिथे रुजतात, विष सोडतात आणि रक्तस्राव सुरू होतो. म्हणजे फुप्फुस हे फक्त प्रवेशद्वार, घात दुसरीकडेच. शरीराचा पहारेकरीच चोराला खांद्यावर बसवून आत नेतो, असा हा प्रकार.

१८८४ मध्ये ब्रॅडफर्डमध्ये नियम ठरले: धोकादायक माल भिजवून मग फोडायचा, पंख्याने धूळ खाली ओढायची, निवडण्याच्या खोलीत जेवायचं नाही. ते पाळणं मालकांच्या मर्जीवर होतं आणि मर्जी किती असते, हे सांगायला नको. पुढे कायदा आला. तरी मृत्यू थांबले नाहीत, कारण पंखा धूळ ओढतो, बीजाणू मारत नाही.

ते काम १९०५ पासून फ्रेडरिक युरिक या जंतुशास्त्रज्ञाने अंगावर घेतलं. दूषित लोकरीचे हजारो नमुने तपासल्यावर त्यांना दिसलं की खरा धोका रक्त लागलेल्या लोकरीत आहे आणि सुकलेल्या रक्ताच्या आड बीजाणू सुरक्षित राहतात. म्हणून आधी साबणाच्या कोमट पाण्याने रक्त आणि चरबी सोडवायची, मगच फॉर्मल्डिहाइड या जंतुनाशकात बुडवायचं. क्रम उलटा केला तर औषध बीजाणूंपर्यंत पोचतच नाही. १९२१ मध्ये लिव्हरपूल बंदरात सरकारी निर्जंतुकीकरण केंद्र सुरू झालं आणि धोकादायक लोकर कामगाराच्या हाती पडण्याआधीच धुतली जाऊ लागली. इतकी वर्षं तीच लोकर हाताळूनही युरिकना स्वतःला रोग झाला नाही. ते १९४५ पर्यंत जगले.