मधपेटीची उन्हाळी देखभाल (महाबळेश्वर आणि घाटमाथा)

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, मुख्यतः सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वर-जावळी भागात, सातेरी मधमाश्या लाकडी पेटीत पाळणारे लोक साधारण फेब्रुवारीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत पेट्यांची जी कामं करतात त्या सगळ्यांसाठी मिळून ही नोंद आहे. कामं घरोघरी होतात तशी गटानेही होतात, कारण मध काढायचं यंत्र रोज लागत नाही आणि ते प्रत्येकाने घेणं परवडत नाही. शहरात अलीकडे हौशी मधपाळांचे क्लब झालेत त्यांचा उन्हाळाही बराचसा याच कामांत जातो, फरक इतकाच की त्यांच्याकडे मधापेक्षा 'बाल्कनीत पोळं लागलंय, येऊन न्या' असे फोन जास्त येतात.

महाराष्ट्रात मध देणाऱ्या मुख्य माश्या चार: कड्यावर, उंच झाडावर एकच मोठं पोळं लावणारी आग्या, झुडपात छोटं पोळं करणारी फुलोरी, पोकळीत राहणारी सातेरी, आणि बाहेरून आणलेली युरोपियन म्हणजे मेलिफेरा. बिनडंखी माशीही आहे पण तिचा मध चमच्याने मोजायचा. आग्या आणि फुलोरी पेटीत राहत नाहीत. सातेरी, शास्त्रीय नाव एपिस सेराना इंडिका, ही झाडाच्या ढोलीत, दगडाच्या कपारीत, जुन्या वारुळात एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते, अंधारात बांधते, म्हणूनच ती पेटीला राजी होते.

आता 'सातेरी' हे नाव आलं कुठून. सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे ही माशी सात पोळी लावते, सात थर, म्हणून सातेरी. ऐकायला सोपं आहे, पण ढोलीतलं घर उघडून बघितलं तर पोळी कधी पाच असतात, कधी आठ-नऊ, जागा आणि फुलोरा बघून माशी ठरवते. न्यूटन पद्धतीच्या (देशी माशीच्या मापाच्या) पेटीत खालच्या कप्प्यात पोळ्यांच्या सात लाकडी चौकटी बसतात आणि त्यामुळे ही व्युत्पत्ती आणखी पक्की वाटायला लागते, पण पेटी विसाव्या शतकातली, तिच्यावरून नावाचा निकाल लावता येत नाही. दुसरा धागा तळकोकण आणि गोव्याकडे जातो. तिथे सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते, आणि ही माशी वारुळात घर करते हे गुराख्याच्या पोरालाही माहीत असतं. आयुर्वेदात मधाचे जे आठ प्रकार सांगितलेत (माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक, दाल) त्यातला औद्दालक मध भावप्रकाशात वारुळात राहणाऱ्या छोट्या तांबूस किड्यांचा म्हणून दिलाय, ते वर्णन सातेरीचं की बिनडंखी माशीचं हे सांगणं अवघड आहे. देवीच्या नावाचा आणि माशीच्या नावाचा थेट संबंध दाखवणारा पुरावा हातात नसताना दोन्ही एकत्र बांधणं घाईचं होईल. तरी 'सात पोळी' हे स्पष्टीकरण सातेरी हे नाव रुळल्यानंतर मागाहून जुळवलेलं असावं असाच कल इथे ठेवलाय.

पेटीचा इतिहास तुलनेने सरळ आहे. दोन पोळ्यांमध्ये माशीला ये-जा करायला जेवढी फट लागते तेवढीच ठेवली तर ती फट माशी मेणाने बुजवत नाही, हे अमेरिकेत लॅंगस्ट्रॉथने 1851 मध्ये हेरलं आणि उचलून काढता येणारी चौकट शक्य झाली. भारतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बंगाल आणि पंजाबात जे प्रयत्न झाले ते फारसे टिकले नाहीत. दक्षिणेत तिरुचिरापल्लीच्या बाजूला फादर न्यूटन यांनी साधारण 1910 ते 1917 या काळात देशी माशीच्या मापाची छोटी पेटी बनवली आणि खरा फरक तिथून पडला. मापाचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, तो नाही. सातेरीला लागणारी फट मेलिफेरापेक्षा थोडी कमी, साधारण 7 ते 9 मिमी धरतात, आणि तिच्या कामकरी माशीची मेणाची घरंही लहान: मेलिफेराची इंचात जवळपास पाच बसतात, सातेरीची साडेपाच ते सहा, मैदानी माशीची जास्त लहान आणि डोंगरी माशीची जरा मोठी. त्यामुळे मेलिफेराचा छापील मेणपत्रा (घरांचा ठसा उठवलेला मेणाचा पातळ पत्रा) सातेरीच्या पेटीत घातला तर माश्या त्यावर वेडंवाकडं बांधतात नाहीतर नराची घरं काढतात आणि नवशिका मधपाळ दोष माशीला देतो.

महाबळेश्वरला पेटीतलं मधमाशीपालन 1940 च्या दशकात, बहुधा 1946 च्या आसपास, त्यावेळच्या मुंबई प्रांताच्या ग्रामोद्योगाच्या कामातून उभं राहिलं. आज राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय तिथेच आहे. पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 ची, आणि मेलिफेरा माशी भारतात टिकवण्याचा यशस्वी प्रयोगही त्याच सुमाराचा, हिमाचलातल्या नगरोटा बगवानचा. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं.

उन्हाळा म्हणजे सगळीकडे एकच उन्हाळा असं धरून पुस्तकं लिहिली जातात आणि तिथेच घोळ होतो. महाबळेश्वर सुमारे 1,370 मीटर उंचीवर आहे, तिथे फेब्रुवारी ते मे हा मधाचा मुख्य हंगाम: गेळा, हिरडा, जांभूळ अशी झाडं फुलतात, जांभळाचा मध काळपट, जरा तुरट-कडवट, गिऱ्हाईक आधी नाक मुरडतं आणि नंतर तोच मागतं. खाली देशावर मात्र एप्रिल-मे म्हणजे दुष्काळ, कांदा बियाण्याचा फुलोरा संपला की पेटीला खायला फारसं काही राहत नाही आणि पारा चाळिशीपार. म्हणजे घाटावरचा मधपाळ ज्या आठवड्यात यंत्र फिरवत असतो त्याच आठवड्यात पुण्या-नगरकडचा साखरेचं पाणी पाजत असतो. दोघांना एकच कॅलेंडर देण्यात अर्थ नाही.

हंगामाच्या तोंडावर, फेब्रुवारी-मार्चला, पेटीत माश्या वाढल्या की वसाहत फुटायला बघते. चौकटीच्या खालच्या कडेला राणीघरं (नवी राणी वाढते ती घरं) लोंबायला लागतात, शेंगदाण्याच्या शेंगेसारखी, आणि ती दिसली की आठवड्याभरात जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन थव्याने निघते. उपाय म्हणून काही जण राणीघरं खुडतात, पण नुसतं खुडून भागत नाही, जागा द्यावी लागते, वरचा मधाचा कप्पा (सुपर) चढवायचा नाहीतर वसाहत आपणच दोन पेट्यांत वाटायची. गावाकडे दुसरा मार्ग जास्त चालतो कारण त्यातून फुकट पेटी वाढते. राणी कोषातून बाहेर यायला अंडं घातल्यापासून साधारण 16 दिवस लागतात हे लक्षात ठेवून वाटणीचे दिवस मोजतात. सुटलेला थवा फांदीवर बसला असेल तर संध्याकाळी टोपलीत किंवा रिकाम्या पेटीत झटकून घेतात, अशा वेळी माश्या पोटभर मध पिऊन निघालेल्या असतात म्हणून सहसा डसत नाहीत, सहसा.

उष्णतेचं गणित सातेरीच्या बाबतीत थोडं वेगळं आहे आणि यावर सविस्तर लिहायला हवं. पिल्लांच्या भागात माश्या 34-35 अंश सेल्सिअस तापमान राखतात, बाहेर कितीही असो. त्यासाठी काही माश्या पाणी आणून घरांच्या कडांवर त्याचा पातळ थर लावतात आणि काही दारात उभ्या राहून पंखांनी वारा घालतात. मेलिफेरा वारा घालताना डोकं आत करून उभी राहते, म्हणजे आतली हवा बाहेर ओढते, सातेरीचं डोकं बाहेर असतं आणि ती बाहेरची हवा आत ढकलते. असं का याची स्पष्टीकरणं वेगवेगळी दिली जातात, एकही अजून पूर्ण पटण्यासारखं नाही. पण मधपाळाच्या दृष्टीने निष्कर्ष सोपा निघतो: सातेरीच्या दारासमोरची हवा गार हवी, म्हणून पेटीचं तोंड तापलेल्या कातळाकडे किंवा सिमेंटच्या अंगणाकडे नको. मेण 62-64 अंशाला वितळतं पण चाळिशीच्या वर गेलं की मऊ पडायला लागतं, मधाने जड झालेलं ताजं पोळं अशा वेळी चौकटीतून निसटून खाली बसतं आणि त्यात राणी सापडली तर वसाहत गेलीच. सावली झाडाची उत्तम, नाहीतर वर गवत-पाचटाचा थर, दुपारी ओलं पोतं. जवळ उथळ भांड्यात पाणी आणि त्यात काटक्या किंवा खडे, नाहीतर माश्या बुडतात. भांडं एकदा ठेवलं की रिकामं होऊ द्यायचं नाही, एकदा माश्या शेजारच्या नळावर जायला लागल्या की त्या परत वळत नाहीत आणि मग शेजाऱ्यांची तक्रार येते.

सातेरीची खोड म्हणजे पेटी सोडून पळून जाणं. हे थव्याने फुटण्यापेक्षा वेगळं, यात राणीसकट सगळी वसाहत जाते आणि मागे रिकामी पोळी राहतात. कारणं नेहमीचीच: उपासमार, ऊन, मुंग्या, मेणकिडा, आणि मधपाळाची वारंवार उचकपाचक. नवीन माणूस दर दोन दिवसांनी पेटी उघडतो, दर वेळी धुराड्याने धूर देतो, माशी कंटाळते. हंगामात आठ-दहा दिवसांनी एकदा, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, एवढं पुरे.

मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, काही जण जुनं इंजिन ऑइल टाकतात. मेणकिडा हे जास्त चिवट प्रकरण, मोठ्या मेणकिड्याच्या अळ्या पोळ्यात बोगदे करत जाळी विणतात आणि तळपाटावर (पेटीच्या तळाच्या फळीवर) साचलेला मेणाचा चुरा हे त्यांचं पहिलं घर. तळपाट खरवडून उन्हात ठेवायचा, माश्यांनी न झाकलेली पोळी काढून घ्यायची, साठवलेल्या पोळ्यांना गंधकाची धुरी. अशक्त वसाहतीतच तो माजतो, भरलेल्या पेटीत माश्याच अळ्या ओढून बाहेर टाकतात.

रोगांपैकी थाई सॅकब्रूड या विषाणूचं नाव घ्यावंच लागतं, 1991-92 पासून केरळ-कर्नाटकात त्याने सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर संपवल्या. अळी घरात सरळ झोपून पाण्याच्या पिशवीसारखी होते, चिमट्याने उचलली की थेंब लोंबतो. त्यावर औषध नाही, राणीला काही दिवस अंडी घालू न देणं आणि रोग न लागलेल्या वसाहतींपासून पुढची पैदास करणं एवढंच. व्हॅरोआ माइटचा (माशीच्या अंगावर जगणाऱ्या गोचिडीसारख्या किड्याचा) बागुलबुवा मेलिफेरावाल्यांना, सातेरीचं त्याच्याशी जुनं जुळलंय, ती एकमेकींच्या अंगावरून माइट काढते.

मध काढायचा तो चौकटीतली निदान तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्यावर. बंद न झालेला मध पातळ असतो, त्यात पाणी जास्त आणि तो आंबतो. अन्न सुरक्षेच्या मानकात पाण्याचं प्रमाण 20 टक्क्यांवर चालत नाही, आणि घाटमाथ्याच्या हवेत मेअखेरीला ढग यायला लागले की ते गाठणं अवघड होतं, म्हणून जांभळाचा मध लोक घाईने काढतात आणि तिथेच फसतात. गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीने टोप्या कापायच्या, चौकट यंत्रात लावायची, सातेरीचं पोळं नाजूक म्हणून हँडल सावकाश फिरवायचं. मध फक्त वरच्या कप्प्यातून. एका पेटीला वर्षाला 5 ते 10 किलो असं धरतात. (मानकांत कारवीच्या मधाला साखरेच्या बाबतीत वेगळी सवलत आहे, साध्या मधाला सुक्रोज 5 टक्के तर कारवीच्या मधाला 10. पण कारवी सात-आठ वर्षांनी फुलते तीही पावसाळ्याच्या शेवटी, त्यामुळे तो विषय या नोंदीत बसत नाही. सात की आठ यावरही वाद आहे, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला मोठा फुलोरा 2008 आणि मग 2016 ला आला, म्हणजे आठ.)

गटाची म्हणून जी कामं असतात ती बहुतेक याच दिवसांत येतात: यंत्र कोणाच्या अंगणात कधी जाणार याची पाळी, सुट्टीतल्या मुलांना पेटी उघडून दाखवणं, फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांना संध्याकाळी मारा म्हणून सांगणं. 20 मे हा जागतिक मधमाशी दिनही यातच येतो. संयुक्त राष्ट्रांनी तो 2017 मध्ये ठरवला, स्लोव्हेनियाचे मधपाळ आंतोन यान्शा यांच्या जन्मदिवसाचा म्हणून, पण नोंद सापडते ती 20 मे 1734 च्या बाप्तिस्म्याची, जन्म एखाद दिवस आधीचा असू शकतो. आपल्याकडे या तारखेला देशावर माशीला फूल नसतं आणि घाटावर मधपाळाला फुरसत नसते.

शेवटचं काम पावसाच्या तयारीचं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिमी पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, आणि या चार महिन्यांत माशीला बाहेर पडायला मोजके दिवस मिळतात. म्हणून मेअखेरीला वरचा कप्पा उतरवताना खालच्या कप्प्यातल्या कडेच्या दोन-तीन चौकटींतला मध तसाच ठेवतात. किती ठेवायचा यावर एकमत नाही, सगळा काढून पावसात साखरेचा पाक द्या असं म्हणणारे आहेत, हिशेबाने ते बरोबरही दिसतं कारण मध महाग आणि साखर स्वस्त, पण पाक द्यायला भर पावसात पेटी उघडावी लागते, आत ओल जाते आणि सांडलेल्या पाकावर मुंग्या आणि शेजारच्या पेटीतल्या चोर माश्या येतात. जुने मधपाळ मध ठेवण्याच्या बाजूचे आहेत आणि त्यांच्या पेट्या ऑगस्टात भरलेल्या दिसतात. मग दार लहान करायचं, पेटी पुढच्या बाजूला जराशी उतरती ठेवायची म्हणजे आत पाणी साचत नाही, वर इरल्यासारखं गवताचं किंवा प्लास्टिकचं आवरण दोरीने आवळायचं, दगड ठेवायचा, आणि स्टँडखालच्या वाट्या काढून घ्यायच्या, पावसात त्या भरून वाहतात.