‘थांबा, अजून स्वस्त होतील’

आमच्या मुलुंडच्या सोसायटीची वार्षिक सभा यंदा गच्चीवर भरली. विषयपत्रिकेत सौर पॅनेल सातव्या क्रमांकावर, म्हणजे पार्किंग आणि गळती यांवर भांडून सगळे दमल्यावर. कोटेशन २० किलोवॉटचं होतं. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, जे काही कॉमन मीटरवर चालतं त्यासाठी. मुंबईत एक किलोवॉटचं पॅनेल वर्षाची सरासरी धरली तर रोज चारेक युनिट वीज देतं, म्हणजे आमची ८० युनिट झाली. सेक्रेटरींनी आकडे वाचून दाखवले, केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायट्यांना किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतं हेही सांगितलं. ठराव जवळजवळ झालाच होता, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले.

"घाई कशाला? दरवर्षी स्वस्त होतायत. दोन वर्षं थांबू, निम्म्यात येतील."

झालं. सगळ्यांच्या माना डोलल्या. काकांचं म्हणणं ऐकायला शहाणपणाचं वाटतं आणि त्यात अर्धं सत्यही आहे. म्हणूनच हा लेख.

आधी दुसरा आक्षेप निकालात काढतो, कारण तो छोटा आहे. ए-विंगमधल्या एका गृहस्थांना पॅनेलची तोंडं दक्षिणेकडे नको होती, दक्षिण ही यमाची दिशा म्हणून. मुंबई विषुववृत्ताच्या १९ अंश उत्तरेला आहे. त्यामुळे वर्षातले साडेनऊ महिने दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या दक्षिणेला असतो आणि पॅनेल त्याच्याकडे बघतं, यमाकडे नाही. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो. या दोन तारखांच्या मधे दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला सरकलेला असतो. वास्तुशास्त्राला हा अडीच महिन्यांचा तिढा कसा सोडवायचा ते त्यांनी सांगावं.

आता काका. वस्तू स्वस्त का होते? ‘काळ जातो म्हणून’ हे उत्तर चूक आहे. आमच्या घरी गणपतीत उकडीचे मोदक होतात. माझ्या बायकोने पहिल्या वर्षी केलेल्या एकवीस मोदकांपैकी सात फुटले. आज ती बोलता बोलता पाकळ्या पाडते. मधे बारा वर्षं गेली म्हणून हात बसला का? माझीही बारा वर्षं गेलीच आहेत की, आणि माझा मोदक अजून करंजीसारखा दिसतो. हात बसतो तो मोदकांच्या संख्येने, कॅलेंडरने नव्हे. आणि त्यातही एक गंमत आहे: दहाव्या मोदकापासून विसाव्यापर्यंत जेवढी सुधारणा दिसते, तेवढीच पुढची सुधारणा दिसायला चाळीस करावे लागतात, मग ऐंशी, मग एकशेसाठ. प्रत्येक दुपटीला एक पायरी.

हे १९३६ साली थिओडोर राइट नावाच्या अमेरिकन अभियंत्याने विमानांच्या कारखान्यात मोजलं होतं. एकूण बनवलेल्या विमानांची संख्या दुप्पट झाली की एका विमानाला लागणारी मजुरी सुमारे २० टक्क्यांनी उतरते. एकूण म्हणजे पहिल्या दिवसापासून आजवरची सगळी बेरीज, यंदाचं उत्पादन नव्हे. सौर पॅनेलची गेल्या जवळपास पन्नास वर्षांची कहाणी याच एका वाक्यात मावते.

पण ‘हात बसला’ म्हणजे कारखान्यात नेमकं काय झालं? मला यातला सर्वात आवडता भाग म्हणजे कापणं. पॅनेलमधल्या सौरघटासाठी अतिशुद्ध सिलिकॉनचा लांब ठोकळा बनवतात आणि त्याच्या पातळ चकत्या पाडतात. बाजारात मावशी सुरमईचे काप काढतात तसंच. फरक एवढाच की मावशींच्या सुरीखाली मासा वाया जात नाही आणि सिलिकॉन मात्र वाळूइतकं स्वस्त नसतं. जुन्या पद्धतीत पोलादी तार ठोकळ्यावरून धावायची आणि तिच्यावर सिलिकॉन कार्बाइडच्या कणांचा चिखल ओतत राहायचे. तार नुसती कण ओढून नेई, कापायचं काम ते कण करत. त्या तारेच्या आणि कणांच्या जाडीएवढं सिलिकॉन भुसा होऊन चिखलात जायचं. चकती १८० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि खाच जवळपास तेवढीच, म्हणजे मावशींनी दोन काप काढावेत आणि त्यांपैकी एक गटारात टाकावा.

मग हिऱ्याचे बारीक कण बसवलेली तार आली. कण तारेलाच चिकटलेले असल्यामुळे चिखल गेला, तार केसापेक्षा बारीक करता आली, वेग कित्येक पट वाढला. एकाच ठोकळ्यातून जास्त चकत्या निघू लागल्या आणि चकत्याही पातळ झाल्या. एकेकाळी ३०० मायक्रॉन होत्या, आता १५०च्या आसपास. यात नोबेल मिळण्यासारखं काही नाही. अशा शंभर किरकोळ सुधारणा, कुठे चांदीचा लेप थोडा पातळ, कुठे काच बदलली, कुठे भट्टीत एका वेळी जास्त माल, यांची बेरीज म्हणजे ती २० टक्क्यांची पायरी. १९५४ साली बेल प्रयोगशाळेतल्या पहिल्या व्यवहार्य सिलिकॉन घटाची कार्यक्षमता ६ टक्के होती. आज गच्चीवर लागणारी चांगली पॅनेल २० टक्क्यांच्या पुढे आहेत, तेही श्रेय यातच धरा.

आता थोडं गणित, सभेत मी विषयपत्रिकेच्या मागच्या बाजूला केलेलं. १९७०च्या दशकाच्या मध्याला जगात सगळी मिळून अर्ध्या मेगावॉटहूनही कमी सौर पॅनेल होती आणि आजच्या पैशांत एका वॉटचा भाव शंभर डॉलरच्या घरात होता. आज जगात बसवलेली पॅनेल २० लाख मेगावॉटच्या पुढे गेली आहेत. अर्ध्या मेगावॉटपासून इथवर यायला बावीसेक दुपटी लागतात (दोनाचा बावीसावा घात काढा, ४२ लाखांच्या आसपास येतो). दर दुपटीला २० टक्के घट म्हणजे ०.८ ला स्वतःशीच बावीस वेळा गुणायचं. उत्तर येतं ०.००७४. शंभर डॉलर गुणिले तेवढं, म्हणजे पाऊण डॉलर. आणि प्रत्यक्ष भाव? २०२४ मध्ये पॅनेल वॉटला दहा सेंटच्या आसपास घाऊक विकलं जात होतं. पाऊण डॉलर कुठे आणि दहा सेंट कुठे! घट २५ टक्के धरली तर १८ सेंट येतात, तरी पूर्ण हिशेब लागत नाही. ज्यांना लघुगणक आठवतो त्यांनी हा आलेख दोन्ही अक्ष लॉग घेऊन काढावा. बरीच वर्षं जवळपास सरळ उतरती रेघ, आणि शेवटी ती रेषेच्या खाली घसरलेली.

ही शेवटची घसरण शिकण्याची नाही, गर्दीची आहे. पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे. तिथे गरजेपेक्षा खूप जास्त कारखाने उभे राहिले आणि एकमेकांचे भाव पाडत तोट्यात माल विकू लागले. आवक वाढली की टोमॅटोचं जे होतं तेच. पण टोमॅटो पुन्हा महाग होतो, हे काकांनी ध्यानात घ्यावं.

काकांना द्यायचं उत्तर या गणितातच आहे. २० लाख मेगावॉटपासून पुढची दुपट म्हणजे आणखी २० लाख. तिला काही वर्षं लागतील आणि तिने पॅनेलचा भाव वीस-पंचवीस टक्के उतरेल. शिवाय गच्चीवरच्या एकूण खर्चात पॅनेलचा वाटा आता जेमतेम निम्मा उरलाय. बाकी लोखंडी सांगाडा, इन्व्हर्टर, केबल, क्रेन, मजुरी, वीज कंपनीची परवानगी. नवी मुंबईतला वेल्डर दर दुपटीला २० टक्के स्वस्त होत नाही, उलट दर दिवाळीला भाव वाढवतो. तेव्हा दोन वर्षं थांबून दहाएक टक्के वाचतील आणि तेवढ्या काळात कॉमन मीटरचं बिल भरून त्याच्या कैकपट जाईल. आणि सगळ्यांनीच थांबायचं ठरवलं तर दुपट होणारच कशी?

जगाने थांबायचं ठरवलेलं दिसत नाही. एकट्या २०२४ सालात जगात ५८५ गिगावॉट (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट) नवी अक्षय ऊर्जा क्षमता बसली आणि एकूण ४,४४८ गिगावॉट झाली. नव्या क्षमतेत तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा सौरचा, आणि या एकूण वाढीतला निम्म्याहून बराच मोठा भाग चीनमधला. २०२५च्या पहिल्या सहा महिन्यांत जगात अक्षय स्रोतांची वीज कोळशाच्या विजेपेक्षा जास्त झाली, हे प्रथमच घडलं. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत २०३० पर्यंत ११,००० गिगावॉट गाठायचं ठरलं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या ऑक्टोबर २०२५च्या अंदाजाप्रमाणे जग तिथवर पोचणार नाही, पण फार मागेही राहणार नाही. याच संस्थेने वर्षानुवर्षं सौरची वाढ फार कमी धरली आणि दरवर्षी प्रत्यक्ष आलेख तिच्या रेषेच्या वर निघून गेला. त्यामुळे मी तिचे आकडे वाचतो आणि थोडं मीठ लावून घेतो.

भारताच्या बाबतीत मात्र एका बातमीने बरीच दिशाभूल केली. २०२५ मध्ये देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-तेल-वायूखेरीज स्रोतांचा झाला, ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षं आधी. अभिमानाची गोष्ट आहेच. पण लगेच ‘देशाची निम्मी वीज आता हरित’ असे फॉरवर्ड फिरू लागले. क्षमता म्हणजे वीज नव्हे. पॅनेल रात्री झोपतं, ढगात डुलक्या घेतं, आणि वर्षभरात आपल्या क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याएवढंच काम करतं. देशाची ७० टक्क्यांच्या आसपास वीज अजूनही कोळशाची आहे. तरी हे फॉरवर्ड परवडले, चुंबकाने फिरणारं आणि कधीच न थांबणारं जनरेटर विकणाऱ्यांपेक्षा.

खरी अडचण संध्याकाळी सातची आहे. मुंबईकर लोकलमधून उतरतो, लिफ्टने वर जातो, एसी लावतो. सूर्य तोवर अरबी समुद्रात. दुपारी वीज उतू जाते आणि संध्याकाळी कमी पडते. जर्मनीत २०२४ मध्ये साडेचारशेहून जास्त तास घाऊक विजेचा भाव शून्याच्या खाली होता, म्हणजे वीज घेणाऱ्यालाच पैसे. आपल्याकडे २०१० साली सौर विजेच्या लिलावात युनिटला १०.९५ रुपये हा सर्वात कमी भाव होता, दहा वर्षांनी तो दोन रुपयांवर आला. पण दोन रुपयांची ती वीज दुपारची. बाजार आता ‘युनिट केवढ्याला’ एवढं विचारत नाही, ‘कितीच्या ठोक्याला’ हेही विचारतो. बॅटरीचाही तोच राइटचा जिना आहे: लिथियम बॅटरीचा संच २०१० मध्ये किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये ११५.

मुंबईची एक बॅटरी मात्र त्याहून जुनी आहे. १९१५ साली खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि घाटावरच्या पावसाने परळच्या गिरण्या चालू लागल्या. मग १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. भिऱ्याला पाणी येतं मुळशीच्या धरणातून, ज्यासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या आणि सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. अक्षय ऊर्जाही कुणाच्या तरी अंगणातून येते, हे महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वीच कळलंय. भिऱ्यात नंतर १५० मेगावॉटचा एक संच बसला जो उलटाही चालतो: वीज फुकटासारखी असेल तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, टंचाईच्या वेळी तेच खाली सोडायचं. पूर्वी असे संच मध्यरात्री पाणी चढवत, कारण औष्णिक केंद्रांची वीज तेव्हा रिकामी असे. आता स्वस्त वेळ भर दुपारची झालीय, तेव्हा तेच यंत्र बारा तासांनी सरकवायचं. भिवपुरीला १,००० आणि शिरवट्याला १,८०० मेगावॉटच्या अशा नव्या प्रकल्पांचा करार २०२३ मध्ये राज्य सरकारशी झाला आहे.

हे सगळं सभेत सांगून झालं तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि निम्मे लोक मालिकेसाठी खाली गेले होते. ठराव अकरा विरुद्ध सहा मतांनी मंजूर झाला. काका तटस्थ राहिले. बी-विंगच्या वहिनींनी एक अट घालून घेतली, आणि इतिवृत्तात ती लिहिलीही गेली: टाकीशेजारची जागा मोकळी सोडायची, तिथे एप्रिलमध्ये कुरडया वाळत घालतात.