करमळीचे तळे आणि ‘पाणथळ’ या शब्दाचा गुंता

गोव्यातल्या करमळी स्थानकावर उतरले की तळे शोधावे लागत नाही, रूळ त्याच्या काठानेच गेले आहेत. डिसेंबरात धुके विरळ होऊ लागले की आधी अडई बदकांची शीळ कानावर येते. मग पाणवनस्पतींतून लाल चोचीच्या जांभळ्या पाणकोंबड्या दिसतात आणि त्यांच्या पलीकडे उत्तरेकडून आलेली तलवार बदके. गाडीतून उतरणारे पाहुणे हमखास विचारतात की हे अभयारण्य आहे का. नाही. अभयारण्य मांडवीपलीकडे चोडणला, १७८ हेक्टर खारफुटीचे, १९८८ पासून वन्यजीव कायद्याखाली. करमळीचे तळे साधारण ७० हेक्टरांचे, गोड्या पाण्याचे, आणि ते पक्ष्यांसाठी नव्हे, भातासाठी बांधलेले आहे. पुढचा सगळा गुंता याच एका गोष्टीतून निघाला.

तळे किती जुने, याच्या खोलात इथे शिरत नाही. पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, गावकऱ्यांच्या चालीरीती लिहून घेतल्या, तेव्हा गावाने मिळून बांध राखण्याची रीत मुरलेली होती. त्याच शतकात करमळीची ब्रह्मदेवाची मूर्ती सत्तरीत हलवली गेली. देव गेला, तळे आणि शेती मागे राहिली.

त्या शेतीची पद्धत समजल्याशिवाय पक्षी इथे का येतात ते कळत नाही. पावसाच्या पाण्यावरचे पीक सरद आणि साठवलेल्या पाण्यावरचे वायंगण. पाऊस ओसरताना मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणदाराच्या, फळ्या खाली सोडून तळे भरून ठेवायचे आणि पुढे शेताला लागेल तशी एकेक फळी उचलायची. पाणी खालच्या मळ्यांत जाते, तळे हळूहळू उथळ होते. तलवार बदक मान बुडवून, शेपटी वर करून तळाशी चरते, खोल पाणी त्याच्या कामाचे नाही. काठाचा चिखल उघडा पडला की तुतवार हे चिखलात चरणारे पक्षी उतरतात. तळ्यात देवभातही आहे, म्हणजे रानटी भात, आणि त्याचे दाणे बदकांना मिळतात. फळी कधी उचलायची हे शेतकरी ठरवतो आणि पक्ष्यांचे ताट त्यातूनच वाढले जाते.

मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमीन दिली, हे न्याय्यच झाले. मात्र बांध आणि मानस यांची देखभाल गावकारीकडून, म्हणजे गावच्या जुन्या सामुदायिक संस्थेकडून, कुळांच्या संघटनांकडे गेली आणि जुनी शिस्त पुष्कळ ठिकाणी सैल पडली.

मग रेल्वे आली. कोकण रेल्वेचा मार्ग किनाऱ्याजवळून न्यायचा की आतल्या तालुक्यांतून, यावर नव्वदीच्या सुरुवातीला गोवा पेटला होता. खाजन शेती, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती, आणि जुन्या गोव्याची स्मारके हे विरोधकांचे मुख्य मुद्दे होते. १९९३ मध्ये काम थांबवून आयोग नेमला गेला, पण मार्ग किनाऱ्याजवळूनच राहिला आणि २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण रेल्वे खुली झाली. त्या आंदोलनाने एक गोष्ट निश्चित केली. तळे, खाजन, बांध हे शब्द शेतकऱ्यांच्या बैठकीतून निघून वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले.

आता ‘पाणथळ’. पाणथळांच्या रक्षणासाठीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराने हा शब्द फार रुंद घेतला: नैसर्गिक असो वा माणसाने केलेले, कायमचे असो वा हंगामी, सारे त्यात. भारत १९८२ मध्ये त्यात सामील झाला, पण देशातले पहिले पाणथळ नियम २०१० साली आले. त्यांनी भातशेती वगळली, तरी मानवनिर्मित पाणथळे आत ठेवली. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळांना त्याच नियमांतल्या तत्त्वांचे संरक्षण दिले. त्याच वर्षी सप्टेंबरात नवे नियम निघाले आणि व्याख्येतून आणखी काही गोष्टी वगळल्या गेल्या: पिण्याच्या पाण्यासाठी केलेले जलाशय, तसेच मत्स्यशेती, मीठ, करमणूक आणि सिंचन यांसाठी खास बांधलेल्या रचना.

सिंचन! हा एक शब्द राजस्थानात किंवा विदर्भात कसा लागू पडतो ते तिथल्यांनी सांगावे, पण गोव्यात तो तळ्यांच्या मुळावरच येतो. इथे बांध घालून पाणी अडवले ते भातासाठीच. मग करमळी पाणथळ की सिंचनाची रचना? कुडतरीची तळी? शब्दशः वाचले तर गोव्याची बहुतेक तळी व्याख्येबाहेर जातात आणि काठापासून ५० मीटरांत पक्के बांधकाम नको ही तरतूदही त्यांना लागू होत नाही. उलट बाजूची भीतीही खोटी नाही. पाणथळ म्हणून घोषणा झाली की गाळ काढता येणार नाही, फळीला हात लावता येणार नाही, असे शेतकऱ्याला वाटते. प्रत्यक्षात नियम सुज्ञ वापर मान्य करतात. बंदी आहे ती भराव, अतिक्रमण, कचरा, सांडपाणी, शिकार अशा गोष्टींना. ही यादी मराठीत आणि कोकणीत प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवायला हवी होती.

उत्तर एका तळ्याने दिले, असे मला वाटते. कुडचडेचे नंदा तळे, ४२ हेक्टरांचे, २०२२ मध्ये गोव्याचे पहिले रामसर स्थळ झाले. जुवारीला मिळणाऱ्या नाल्यालगतची ही गोड्या पाण्याची दलदल. तिचे महत्त्व सांगताना कमळपक्षी, काळ्या डोक्याचा शराटी, अडई यांच्याबरोबर एक गोष्ट नोंदवली गेली: इथे लोक पाणी साठवतात आणि त्यावर खालच्या अंगाला भात पिकवतात. दिल्लीच्या व्याख्येत जे वगळण्याचे कारण ठरले, तेच इथे तळ्याच्या ओळखीचा भाग म्हणून मांडले गेले.

करमळीला जाणाऱ्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, उजाडताना जावे. दुर्बीण बदकांवर रोखण्याआधी एकदा बांधावरून चालत मानशीपर्यंत जाऊन यावे. ओल्या फळीवर पाण्याची रेघ उमटलेली असते. या हंगामात कोणीतरी ती उचलली आहे की नाही, ते तिथे दिसते.