लेम्नोसची तांबडी माती आणि आकाशातून पडलेला देव

होमरच्या ‘इलियड’च्या पहिल्याच सर्गात देवांचा लोहार हेफायस्टोस आपल्या आईला, हेराला, एक जुना प्रसंग सांगतो. आईबापांच्या भांडणात त्याने आईची बाजू घेतली, तेव्हा संतापलेल्या झ्यूसने त्याला पायाला धरून देवलोकाच्या उंबरठ्यावरून खाली भिरकावले. दिवसभर तो पडत राहिला आणि सूर्य मावळता मावळता लेम्नोस बेटावर आपटला, तेव्हा त्याच्या अंगात केवळ धुगधुगी उरली होती. बेटावरच्या सिंटी लोकांनी त्याची शुश्रूषा केली आणि पुढे हे बेट त्याचे सर्वात आवडते ठिकाण ठरले. लेम्नोस एजियन समुद्राच्या उत्तर भागात आहे आणि त्याचे क्षेत्रफळ जेमतेम 480 चौरस किलोमीटर आहे. ग्रीकांच्या समुद्रात शेकडो बेटे असताना अग्नीचा देव नेमका येथेच का पडावा, या प्रश्नाला भूविज्ञान काही अंशी उत्तर देऊ शकते. मात्र सर्वात आधी सुचणारे उत्तर चुकीचे आहे.

ते उत्तर म्हणजे ज्वालामुखी. प्राचीन कवी या बेटावरच्या मोसिख्लोस नावाच्या डोंगरातून निघणाऱ्या अग्नीचा उल्लेख करतात, आणि ‘लेम्नोसची आग’ हा तर ग्रीक भाषेत वाक्प्रचारच होता. त्यावरून मोसिख्लोस हा जागता ज्वालामुखी होता, त्याची भट्टी पाहून लोकांनी लोहार देवाची कथा रचली, असे अनेकांनी लिहून ठेवले आहे. खडकांचे वय हे मान्य करत नाही. लेम्नोसवर ज्वालामुखीजन्य खडक भरपूर आहेत, राखेखाली गाडली जाऊन दगड झालेली झाडेही सापडतात, पण हा सारा उद्रेक सुमारे 2 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा ग्रीकच काय, पृथ्वीवर माणूसही नव्हता. होमरच्या काळात येथे लाव्हा वाहिल्याची कोणतीही खूण खडकांत नाही.

मग आग कसली? काही अभ्यासकांच्या मते ती जमिनीतून झिरपणाऱ्या नैसर्गिक वायूची असावी. ही कल्पना अगदीच हवेतली नाही, कारण तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, प्राचीन लिकियात, खडकांच्या भेगांतून निघणाऱ्या मिथेनच्या ज्योती आजही जळताना दिसतात आणि ग्रीकांच्या किमेरा राक्षसिणीचा संबंध त्या जागेशी जोडला जातो. लेम्नोसवर अशा ज्योती होत्या याचा भौतिक पुरावा मात्र हाती नाही, म्हणून हा तर्क तर्क म्हणूनच ठेवावा. गंमत अशी की, या अग्नीच्या बेटावर एका वार्षिक विधीत नऊ दिवस सगळ्या चुली विझवत आणि नवा अग्नी जहाजातून डेलोस बेटावरून आणत, असे फिलोस्ट्राटस हा लेखक सांगतो. डोंगरावर अखंड ज्वाला असती, तर विस्तवासाठी समुद्र ओलांडायची वेळ का आली असती?

माझ्या मते याहून सरळ उत्तर इ.स. दुसऱ्या शतकातच गेलेन या वैद्याने देऊन ठेवले आहे. लेम्नोसच्या तांबड्या मातीच्या वड्या तेव्हा साऱ्या रोमन साम्राज्यात औषध म्हणून विकल्या जात. जखमा, जुनाट व्रण, विषबाधा आणि सर्पदंश यांवर त्या देत. गेलेनला ही माती डोळ्यांनी पाहायची होती. पहिल्या खेपेला तो मिरिना या गावी उतरला आणि मातीची जागा बेटाच्या दुसऱ्या टोकाला, हेफायस्टियास नगराजवळ आहे हे त्याला तेथे कळले. जहाज थांबेना, तेव्हा तो तसाच पुढे निघाला आणि दुसऱ्या प्रवासात पुन्हा आला. त्याने पाहिलेली टेकडी रंगाने जळाल्यासारखी होती आणि तिच्यावर काहीही उगवत नव्हते. देव लेम्नोसवर पडला असे होमर म्हणतो, ते या टेकडीच्या स्वरूपामुळेच असावे, असे गेलेनने स्पष्ट लिहिले आहे. मिथकांमागचे भूवैज्ञानिक वास्तव शोधणाऱ्या अभ्यासाला डोरोथी व्हिटालियानो या अमेरिकी भूवैज्ञानिक विदुषीने 1968 मध्ये ‘जिओमायथॉलॉजी’ हे नाव दिले, पण त्या शास्त्राचा एक नेटका नमुना त्याच्या बारशाच्या अठराशे वर्षे आधीच तयार होता.

गेलेनचे निरीक्षण आजच्या भूविज्ञानातही बसते. ज्वालामुखी विझला तरी त्याच्या परिसरात गरम, आम्लयुक्त पाणी खडकांतून फिरते, त्यांतली खनिजे विरघळवते आणि मागे चिकणमाती, तुरटीच्या जातीची क्षारद्रव्ये आणि लोहाची तांबडी ऑक्साइडे सोडते. अशी जमीन भाजल्यासारखी दिसते आणि तिच्यावर झाडोरा धरत नाही. म्हणजे आग कोणी पाहिली नसली, तरी तिची खूण डोळ्यांसमोर होती.

औषधाची कृती गेलेनने बारकाईने नोंदवली आहे. आर्टेमिस देवीची पुजारीण टेकडीवर येऊन जमिनीवर गहू आणि जव टाकी, विधी करी आणि गाडीभर माती नगरात नेई. तेथे ती माती पाण्यात कालवून खूप ढवळत आणि मग निवळत ठेवत. वरचे पाणी काढून टाकत, त्याखालचा लोण्यासारखा स्निग्ध थर उचलून घेत आणि तळाशी बसलेली वाळू व खडे फेकून देत. तो थर मऊ मेणासारखा होईपर्यंत सुकवत, त्याच्या लहान वड्या पाडून त्यांवर देवीची मुद्रा उमटवत आणि त्या सावलीत वाळवत. जड कण आधी बसतात आणि सूक्ष्म कण उशिरा, या साध्या नियमाने अस्सल चिकणमाती वेगळी करण्याची ही रीत आहे. कुंभारही तेच करतो. या मातीत बोकडाचे रक्त मिसळतात असे औषधांवर लिहिणाऱ्या डायोस्कोरिडीस या वैद्याने लिहिले होते, म्हणून गेलेनने तेथे चौकशी केली, तर ऐकणारे सगळे हसू लागले. परतताना त्याने 20,000 वड्या बरोबर नेल्या.

या मातीत गुण होता का? ग्लासगो विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी गेल्या काही दशकांत लेम्नोसवरची जागा आणि संग्रहालयांतल्या जुन्या वड्या तपासल्या आहेत. चिकणमातीतले माँटमोरिलोनाइट हे खनिज पातळ पापुद्र्यांचे असते आणि पापुद्र्यांच्या मध्ये पाणी व इतर द्रव्ये धरून ठेवते. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी आपली काळी कापसाची माती याच गटातल्या खनिजांमुळे तशी वागते. तुरटी रक्तस्राव आवरते, हे दाढी करताना कापलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वाहत्या जखमेवर अशी माती कोरडेपणा आणील आणि पोटात गेलेले काही विष शोषून घेईल, इथपर्यंत ठीक. सर्पदंशावर मात्र तिचा उपयोग होण्याचे कारण दिसत नाही, कारण ते विष थेट रक्तात आणि ऊतींत शिरते.

तरीही कथेने नेमका सर्पदंशच निवडला. ट्रॉयच्या युद्धाला निघालेल्या आणि वाटेत सापाने चावलेल्या फिलोक्टेटीस या ग्रीक योद्ध्याच्या जखमेची दुर्गंधी असह्य झाली, म्हणून सोबत्यांनी त्याला लेम्नोसवर टाकून दिले. सोफोक्लीझ या नाटककाराने इ.स.पू. 409 च्या आपल्या नाटकात त्यासाठी हे नांदते बेट चक्क निर्मनुष्य करून टाकले आहे. फिलोस्ट्राटसच्या मते मात्र तो तेथेच बरा झाला, आणि तो ज्या मातीने बरा झाला, ती हेफायस्टोस जेथे पडला त्या जागेची होती.

ग्रीक कथांत हेफायस्टोस लंगडा आहे, आणि त्याच्या लंगडेपणाचेही एक वैज्ञानिक स्पष्टीकरण सुचवले जाते. कथिल सहज मिळू लागण्यापूर्वी तांब्याला कठीणपणा आणण्यासाठी त्यात आर्सेनिक असे. असे तांबे वितळवताना सोमलाची, म्हणजे आर्सेनिकच्या संयुगाची, वाफ निघते, आणि ती वर्षानुवर्षे नाकातोंडात गेली की हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते, पाय बधिर व अशक्त होतात. लेम्नोसच्या पूर्व किनाऱ्यावर पोलिओख्नी येथे इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातली वसाहत उत्खननात मिळाली आहे आणि तेथे धातुकाम होत असे. दुवा आकर्षक आहे, पण मला तो पुरेसा वाटत नाही. लढाईला आणि नांगराला निरुपयोगी ठरलेला पांगळा माणूस भात्याशी बसत असेल, हेही तितकेच शक्य आहे. शिवाय ‘इलियड’मध्येच दुसरीकडे तो जन्मतः लंगडा आहे आणि त्याला फेकून देणारी खुद्द हेरा आहे.

या बेटाच्या आसपासची जमीन मात्र खरोखरच अस्वस्थ आहे. तुर्कस्तानातला उत्तर अनातोलियन भ्रंश, म्हणजे भूकवचातली मोठी भेग, पश्चिमेकडे याच समुद्राच्या तळाखाली शिरतो, आणि 24 मे 2014 रोजी समोथ्रेस व लेम्नोस या बेटांच्या परिसरात 6.9 तीव्रतेचा भूकंप झाला. फिलोक्टेटीसला साप चावला ते क्रिसे हे लेम्नोसजवळचे लहान बेट समुद्राने पूर्णपणे गिळले, असे पॉसेनियस हा प्रवासवर्णनकार इ.स. दुसऱ्या शतकात लिहितो. त्याच्या कितीतरी आधी, इ.स.पू. सहाव्या शतकात, अथेन्समध्ये ओनोमाक्रिटस नावाचा भविष्यवाण्यांचा संग्राहक होता. लेम्नोसजवळची बेटे समुद्रात नाहीशी होतील, ही ओळ जुन्या भविष्यवाणीत घुसडताना तो पकडला गेला आणि त्याबद्दल त्याला शहरातून हाकलून दिले, अशी नोंद हेरोडोटस या इतिहासकाराने केली आहे.