जीन सायलेन्सिंगची मायक्रोस्कोपी स्क्रीनिंग

पेशीतला एकेक जीन दाबायचा आणि पेशीचं काय बिघडतं ते मायक्रोस्कोपखाली बघायचं, तेही हजारो जीन्ससाठी, अशी ही पद्धत. जीन दाबायची ही युक्ती म्हणजे आरएनए इंटरफिअरन्स; तिचा मूळ शोध फायर आणि मेलो यांनी 1998 मध्ये सी. एलेगन्स नावाच्या बारीकशा कृमीत लावला, त्याला 2006 चं नोबेल मिळालं, पण माणसाच्या पेशींत हे नीट जमायला लागलं 2001 पासून, जेव्हा साधारण 21 न्यूक्लिओटाइडचे (म्हणजे 21 अक्षरांचे) एसआयआरएनए, म्हणजे आरएनएचे छोटे तुकडे, वापरात आले. हे तुकडे पेशीत गेले की ज्या जीनशी ते जुळतात त्याचा एमआरएनए, म्हणजे प्रोटीन बनवायचा निरोप, कापला जातो. आधी बनून बसलेलं प्रोटीन मात्र लगेच जात नाही, म्हणून बहुतेक वेळा 48 ते 72 तास थांबावं लागतं.

आता मायक्रोस्कोपच कशाला, पेशी किती उरल्या ते मोजलं तरी चालेल की? नाही चालत. केआयएफ11 नावाचा जीन दाबला तर स्पिंडलची, म्हणजे विभागणीच्या वेळी क्रोमोसोम ओढून वेगळे करणाऱ्या धाग्यांच्या जाळ्याची, दोन टोकं वेगळीच होत नाहीत, क्रोमोसोम एका टोकाभोवती कड्यासारखे जमतात आणि पेशी गोल होऊन तिथेच अडकते; ऑरोरा बी हा जीन दाबला तर पेशीची विभागणी अर्धवट राहते आणि एकाच पेशीत दोन न्यूक्लियस किंवा एक भलामोठा वेडावाकडा न्यूक्लियस दिसतो. आकडा दोन्हीकडे कमीच येणार, बिघाड कुठे झाला ते फोटोच सांगतो.

यातलं गाजलेलं काम म्हणजे युरोपातला मायटोचेक प्रकल्प, 2010 मध्ये छापून आला. हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींचे क्रोमोसोम जीएफपी या चमकणाऱ्या प्रोटीनने उजळवून जवळपास 21,000 जीन्स एकेक करून दाबले आणि प्रत्येकाचं दोन-दोन दिवस शूटिंग केलं. एवढे व्हिडिओ माणूस कुठे बघत बसणार, न्यूक्लियस ओळखून त्यांचा आकार आणि चमक मोजायचं काम सॉफ्टवेअरनेच केलं.

खरी डोकेदुखी ऑफ-टार्गेटची, म्हणजे भलताच जीन दबण्याची. एसआयआरएनएच्या सुरुवातीची सहा-सात अक्षरं दुसऱ्या एमआरएनएशी जुळली तरी तोही दबू शकतो, मग दिसलेला परिणाम नक्की कुणाचा? म्हणून एकाच जीनसाठी वेगवेगळे एसआयआरएनए वापरून बघतात, आणि त्याहून पक्कं म्हणजे एसआयआरएनएला दाद न देणारी त्याच जीनची कॉपी पेशीत घालून बिघाड दुरुस्त होतो का ते तपासतात. शिवाय पेशी वाढवायच्या प्लेटच्या कडेच्या वेलमधलं (खळग्यांमधलं) पाणी उडून तिथल्या पेशी उगाचच वेगळ्या दिसतात, त्यामुळे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या पेशी, सगळे कडेलाच ठेवले की निकालाचा बट्ट्याबोळ.

हल्ली क्रिस्पर या डीएनए कापायच्या तंत्राने जीन कायमचा मोडता येतो, तरी ज्याच्याशिवाय पेशी जगतच नाही असा जीन थोडाच दाबून बघायचा असेल तर एसआयआरएनए अजूनही कामाचा.